गुलाबी टोप्यांचे चौघे: सेंट जॉनच्या वल्हेकरी संघाचे प्रकरण

पार्श्वभूमी

सेंट जॉन हे शहर आजच्या कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर, न्यू ब्रन्सविक प्रांतात, सेंट जॉन नदी फंडीच्या उपसागराला मिळते त्या ठिकाणी वसलेले आहे. फंडीची भरती-ओहोटी जगातील सर्वांत मोठ्या भरती-ओहोटींत गणली जाते. सेंट जॉनच्या बंदरात पाणी सुमारे आठ मीटर चढते-उतरते, आणि नदीमुखाजवळच्या खडकाळ घळीत भरतीच्या वेळी प्रवाह चक्क उलटा, समुद्राकडून नदीकडे, वाहू लागतो. अशा पाण्यात रोज मासेमारीची होडी नेणाऱ्या माणसाला वल्हवणे हा खेळ म्हणून वेगळा शिकावा लागत नाही. प्रवाह कोठे साथ देईल, कोठे अंगावर येईल आणि किती वेळात वळेल, हे त्याच्या मनगटांना ठाऊक असते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हे शहर इमारती लाकूड आणि लाकडी जहाजांच्या बांधणीवर उभे होते. मात्र १८६०च्या दशकात त्याच्या भवितव्याविषयी शहरातच शंका होती. अमेरिकेशी असलेला खुल्या व्यापाराचा करार १८६६ मध्ये संपला होता आणि लोखंडी, वाफेवर चालणारी जहाजे लाकडी शिडाच्या जहाजांची जागा घेऊ लागली होती. ब्रिटिश उत्तर अमेरिकेतील वसाहतींनी एकत्र यावे की नाही, या प्रश्नावर न्यू ब्रन्सविकमध्ये तीव्र मतभेद होते. १८६५ च्या निवडणुकीत विलीनीकरणाच्या विरोधकांना मतदारांनी निवडून दिले आणि पुढच्याच वर्षी तो कौल उलटा फिरवला. १ जुलै १८६७ रोजी कॅनडाचे संघराज्य अस्तित्वात आले तेव्हा सेंट जॉनमध्ये उत्साहाइतकीच नाराजीही होती.

या प्रकरणातील चौघे म्हणजे रॉबर्ट फुल्टन, जॉर्ज प्राइस, सॅम्युएल हटन आणि एलायजा रॉस. त्यांतले तिघे मासेमार होते आणि एक दीपगृहाचा रखवालदार. बंदरातील स्थानिक शर्यतींत त्यांचे नाव आधीच झाले होते, परंतु ते नाव बंदराबाहेर फारसे गेले नव्हते.

प्रश्न काय होता

१८६७ च्या उन्हाळ्यात पॅरिसमध्ये भरलेल्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने सीन नदीवर आंतरराष्ट्रीय वल्हवणीच्या शर्यती ठरल्या. सेंट जॉनमध्ये आपल्या चौघांना पाठवण्याची कल्पना निघाली आणि तिच्याबरोबर अडचणीही आल्या. अटलांटिक ओलांडून चार माणसे आणि त्यांच्या नावा नेण्याचा खर्च मासेमारांच्या ऐपतीबाहेरचा होता. प्रवासात आणि सरावात जाणारे आठवडे ऐन मासेमारीच्या हंगामातले होते. शिवाय समोर येणारे संघ लंडन आणि ऑक्सफर्डचे होते, म्हणजे ज्या मंडळींनी वल्हवणीचे शास्त्र, नावांची घडण आणि शर्यतीचे नियम जवळजवळ स्वतःच घडवले होते ती मंडळी.

शहरासमोरचा प्रश्न वेगळा होता. लोकवर्गणीच्या आणि सरकारी तिजोरीच्या पैशांतून संघ पाठवल्यावर तो चार माणसांचा खाजगी संघ राहत नाही, तो शहराचा संघ होतो. हरला तर हसे शहराचे होणार आणि जिंकला तर त्याच्या पुढच्या प्रत्येक शर्यतीवर शहर आपला हक्क सांगणार. या दुसऱ्या शक्यतेचा विचार त्या वेळी कोणी केला असेल असे घडलेल्या घटनांवरून वाटत नाही. या प्रकरणातील सर्वांत महागात पडलेली गोष्ट मात्र तीच आहे.

कोणते पर्याय होते

पुढील पर्याय चौघांनी कागदावर मांडले असण्याची शक्यता नाही. त्यांनी जे केले त्यावरून आपण ते उभे करू शकतो.

पहिला निर्णय जाण्याचा किंवा न जाण्याचा होता. लोकांनी वर्गणी काढली, प्रांतिक सरकारने हातभार लावला आणि जायचे ठरले. यात खल करण्यासारखे फार नाही.

दुसरा निर्णय नावेचा होता. जुन्या पद्धतीच्या नावेत वल्हे टेकवण्याची खुंटी नावेच्या काठावरच असते, त्यामुळे वल्ह्याला पुरेशी लांब तरफ मिळावी म्हणून नाव रुंद ठेवावी लागते. १८४०च्या दशकात इंग्लंडमध्ये, विशेषतः टाइन नदीवर, काठाबाहेर लोखंडी कंस काढून त्यावर खुंटी बसवण्याची पद्धत रुजली आणि नावेचे अंग एकदम अरुंद व हलके झाले. (कोकणातल्या होडीला तोल सांभाळण्यासाठी लावतात त्या उलांडीशी या कंसाचा संबंध नाही. हा कंस तोल सांभाळत नाही, तो फक्त वल्ह्याचा टेकू बाहेर नेतो.) पॅरिसमध्ये दोन्ही प्रकारांच्या नावांसाठी स्वतंत्र शर्यती होत्या. युरोपात पोहोचून नामांकित कारागिराची हलकी नाव मिळवणे हा एक मार्ग होता. दुसरा मार्ग घरच्या बांधणीच्या, प्रतिस्पर्ध्यांच्या नावांपेक्षा बऱ्याच जड असलेल्या नावेवर भरवसा ठेवण्याचा होता. चौघांनी दुसरा मार्ग धरला.

तिसरा निर्णय सुकाण्याचा. त्या काळी चौघांच्या नावेत पाचवा माणूस सुकाणू धरून बसे, दिशा सांभाळे आणि ताल सांगे. सेंट जॉनचे चौघे त्याच्याशिवाय वल्हवत. नाळेकडचा वल्हेकरी मान वळवून दिशा पाहत असे आणि सुकाणू पायाने फिरवत असे. अनोळखी, वळणावळणाच्या नदीवर हे धोक्याचे होते. पण सुकाण्या नसला की एका माणसाचे वजन वाचते, आणि नाव मुळात जड असताना ही बचत लहान नव्हती.

चौथा निर्णय शैलीचा होता, आणि मला तो सर्वांत अधिक बोलका वाटतो. त्या काळी आसन स्थिर असे. आजच्यासारखे मागेपुढे सरकणारे आसन पुढे, १८७०च्या आसपास, वापरात येऊ लागले. स्थिर आसनावर जोर मिळवण्यासाठी कंबरेतून पुढे झुकून सबंध धड मागे टाकायचे, वल्हे लांबवर ओढायचे आणि परत येताना शांत राहायचे, अशी इंग्रजी विद्यापीठांची शिस्त होती. सेंट जॉनच्या चौघांचा फटका आखूड, वेगवान आणि मुख्यतः हातांच्या बळावरचा होता. इंग्रजी नजरेला तो अडाणी दिसे. सल्ला घेऊन आठ-पंधरा दिवसांत शैली बदलण्याचा मोह कोणालाही झाला असता, पण त्यांना तो झाला नाही. वर्षानुवर्षांच्या कामाने अंगात मुरलेली चाल पंधरवड्यात पुसता येत नाही. बदलायला गेले असते तर ना नवी आली असती ना जुनी राहिली असती.

पॅरिसमध्ये काय घडले

जुलै १८६७ मध्ये, संघराज्याच्या स्थापनेला जेमतेम काही दिवस झाले असताना, हे चौघे सीनच्या पाण्यावर उतरले. घरून निघाले तेव्हा न्यू ब्रन्सविक ही एक स्वतंत्र ब्रिटिश वसाहत होती, आणि शर्यतीच्या दिवशी ते नुकत्याच जन्मलेल्या देशाचे नागरिक होते. त्यांचा वेशही प्रेक्षकांच्या लक्षात राहण्यासारखा होता: अंगाच्या रंगाचे सदरे, काळ्या कापडाच्या विजारी, चामड्याचे पट्टे आणि डोक्यावर गुलाबी टोप्या. भोवतीच्या संघांच्या नेटक्या पोशाखांपुढे ते कामावरून उठून आलेले दिसत होते, आणि तसे पाहता ते खरेही होते. त्यांची जड नाव, सुकाण्याचा अभाव आणि आखूड फटका यांची जाणकारांनी थट्टा केली.

काठावर खुंटी असलेल्या जड नावांची शर्यत त्यांनी जिंकली. तेथे जडपणाचा तोटा सर्वांनाच सारखा होता, म्हणून त्या विजयाला योगायोग म्हणता आले असते. पण कंस लावलेल्या हलक्या नावांच्या शर्यतीतही, जेथे त्यांची नाव उघडच भारी होती, तेच पहिले आले. दोन वेगळ्या प्रकारांत आणि दोन वेगळ्या प्रतिस्पर्धी-गटांपुढे मिळालेल्या या यशाने योगायोगाची सबब संपवली. सेंट जॉनला परतल्यावर त्यांचे जंगी स्वागत झाले आणि तेव्हापासून ते ‘पॅरिस क्रू’ म्हणूनच ओळखले जाऊ लागले. नव्या देशाला मिळालेले हे पहिले आंतरराष्ट्रीय क्रीडायश मानले जाते. ज्या शहराला तो देश पुरता मान्य नव्हता त्याच शहराने ते आणले, ही गोष्ट तेव्हाच्या पुढाऱ्यांना सोयीची वाटली असणार.

विजयाचे श्रेय कशाला द्यावे? ताकद आणि सराव तर होतेच, पण ते इंग्रजांकडेही होते. माझ्या मते फरक पडला तो या गोष्टीने की चौघांनी एकाही बाबतीत ‘पाहुण्यासारखे’ वागायचे नाकारले. त्यांनी नावेत, माणसांत किंवा फटक्यात काहीही बदलले नाही. प्रतिस्पर्ध्यांनी त्यांना आधी कधी पाहिले नव्हते, त्यामुळे त्यांच्याविरुद्ध कशी शर्यत आखावी हे कोणालाच माहीत नव्हते. हा फायदा एकदाच मिळणारा असतो. तो पुढे मिळाला नाही.

सुकाण्याविना वल्हवणे इंग्लंडमध्येही गाजले, आणि ते थोडे विनोदी मार्गाने. पुढच्याच वर्षी, १८६८ मध्ये, थेम्सवरील हेन्ली या गावी होणाऱ्या नामांकित शर्यतींत ऑक्सफर्डच्या ब्रेझनोज कॉलेजच्या वॉल्टर ब्रॅडफर्ड वुडगेट यांनी आपल्या सुकाण्याला शर्यत सुरू होताच पाण्यात उडी मारायला लावली. तो पाणवेलींत अडकून बुडता बुडता वाचला, नाव हलकी होऊन सहज पहिली आली आणि लगेच बाद ठरवली गेली. परंतु काही वर्षांतच, १८७३ पासून, तेथील प्रमुख चौघांची शर्यत सुकाण्याविना होऊ लागली. यामागे पॅरिसचा किती वाटा आणि वुडगेट यांच्या खोडकरपणाचा किती, हे कोणालाही तंतोतंत तोलता येणार नाही.

यशानंतरचा निर्णय

खरा निर्णायक क्षण मी पॅरिसचा मानत नाही, त्यानंतरचा मानतो. चौघे परत मासेमारीकडे वळू शकत होते, वर्षातून एखादी स्थानिक शर्यत करू शकत होते, तरुणांना शिकवू शकत होते. की आलेले प्रत्येक आव्हान स्वीकारायचे? तोवर आव्हान म्हणजे पैज असेच समीकरण झाले होते. दोन्ही बाजूंचे पाठीराखे ठरावीक रक्कम तिऱ्हाइताकडे ठेवत आणि जिंकणारी बाजू ती सगळी नेत असे. त्याशिवाय काठावरच्या लोकांच्या सट्ट्याला अंत नव्हता.

ऑक्टोबर १८६८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे त्यांची गाठ वॉर्ड बंधूंशी पडली. हडसन नदीकाठचे हे भाऊ त्या काळच्या अमेरिकेतील सर्वांत नावाजलेले वल्हेकरी होते, आणि त्यांतले जोशुआ वॉर्ड एकट्याच्या वल्हवणीत आधीच राष्ट्रीय विजेते ठरले होते. सेंट जॉनचे चौघे जिंकले. आता अटलांटिकच्या दोन्ही काठांवर त्यांच्या बरोबरीचा संघ उरला नव्हता असे त्यांचे पाठीराखे म्हणू शकत होते. या विजयाने घातक गोष्ट अशी केली की शहराच्या पैशांना हमखास परतावा मिळतो असा समज पक्का झाला.

लाशीन, १८७०

या वेळी आव्हान टाइन नदीवरून आले. न्यूकॅसलच्या परिसरातील हे वल्हेकरी विद्यापीठातील सभ्य गृहस्थ नव्हते. ते कारखान्यांत आणि नदीवर राबणारे, वल्हवणीवरच पैसा कमावणारे व्यावसायिक होते. त्यांचा म्होरक्या जेम्स रेनफोर्थ लोहारकामात घण मारणारा मजूर होता. त्याने नोव्हेंबर १८६८ मध्ये थेम्सवर हॅरी केलीला हरवून एकट्याच्या वल्हवणीचे जागतिक विजेतेपद घेतले होते. त्याच्याबरोबर जेम्स टेलर, थॉमस विनशिप आणि जॉन मार्टिन होते. शर्यत १५ सप्टेंबर १८७० रोजी मॉन्ट्रियलजवळील लाशीन येथे झाली. त्या दिवशी पाणी खवळलेले होते आणि टाइनच्या संघाने सेंट जॉनच्या संघाला स्पष्ट हरवले.

हरल्यानंतर दोन स्पष्टीकरणे शक्य होती. एक असे की प्रतिस्पर्धी अधिक चांगला होता. दुसरे असे की पाण्याने घात केला आणि निवांत पाण्यावर निकाल वेगळा लागला असता. सेंट जॉनमध्ये दुसरे स्पष्टीकरण मान्य झाले. ते साफ खोटे होते असे मी म्हणत नाही, खवळलेल्या पाण्यात अरुंद नाव चालवणे हे वेगळेच कौशल्य आहे. पण फंडीच्या काठी वाढलेल्या माणसांच्या वतीने पाण्याची तक्रार व्हावी हे जरा चमत्कारिक आहे. हे स्पष्टीकरण स्वीकारले की परतीची शर्यत अटळ होते, आणि ती आपल्या घरच्या पाण्यावर मागणेही अटळ होते.

केनेबेकेसिस, २३ ऑगस्ट १८७१

परतीची शर्यत सेंट जॉनजवळच्या केनेबेकेसिस नदीवर ठरली. मधल्या काळात रेनफोर्थ आणि टेलर यांचे बिनसले होते आणि टाइनच्या वल्हेकऱ्यांत दोन तट पडले होते. रेनफोर्थने नवा संघ बांधला. त्यात जेम्स पर्सी, रॉबर्ट चेंबर्स आणि ज्याला त्याने तीन वर्षांपूर्वी हरवले होते तो थेम्सचा हॅरी केली होता. अंतर सहा मैलांचे होते, तीन मैल जाऊन वळायचे आणि परत यायचे. वारा सुटण्याआधी, सकाळी लवकर शर्यत सुरू झाली. नदीकाठी हजारोंची गर्दी होती.

दोन्ही नावा जोमाने निघाल्या. थोड्याच वेळात सेंट जॉनची नाव किंचित पुढे गेली. पहिला मैल पुरा होण्यापूर्वीच रेनफोर्थचा ताल बिघडला, तो डगमगला आणि मागे बसलेल्या केलीच्या अंगावर कोसळला. त्याला काठावर नेऊन जवळच्या घरात उपचार करण्यात आले, पण काही वेळातच त्याचा मृत्यू झाला. त्याचे वय २९ होते. इकडे सेंट जॉनच्या चौघांनी पूर्ण अंतर वल्हवून शर्यत आपल्या नावावर केली.

विषप्रयोगाची अफवा त्याच दिवशी पसरली. एवढ्या पैशांची पैज आणि एवढा सट्टा लागलेला असताना ती पसरणारच होती. शवविच्छेदन झाले, पोटातील द्रव्यांची तपासणी झाली, विष सापडले नाही. अतिश्रमाने फुप्फुसांत रक्त साठून मृत्यू आला असा निष्कर्ष निघाला. स्थानिक अधिकाऱ्यांनी तपास तत्काळ आणि उघडपणे केला, हा या सगळ्या प्रकरणातला निर्विवाद योग्य निर्णय म्हणावा लागेल. तसे केले नसते तर चौघांच्या नावाला तो डाग कायमचा चिकटला असता.

निष्पत्ती

कागदावर चौघांनी आपला मान परत मिळवला. प्रत्यक्षात तो विजय साजरा करण्याजोगा नव्हता. रेनफोर्थचे शव टाइनकाठच्या गेट्सहेडला नेण्यात आले आणि तेथे त्याच्या अंत्ययात्रेला प्रचंड गर्दी लोटली. सेंट जॉनचा संघ कीर्तीच्या ज्या उंचीवर होता तेथून तो पुढे सरकला नाही. कॅनडाच्या वल्हवणीचे नाव नंतर टोरंटोच्या एडवर्ड हॅनलन याने चालवले, आणि १८८० मध्ये थेम्सवर जागतिक विजेतेपद घेतले.

‘हौशी’ या शब्दाचाही या प्रकरणाशी निकटचा संबंध आहे. पॅरिसला गेलेले चौघे पोटासाठी वल्हवत होते ते माशांसाठी, पैजेच्या रकमेसाठी नव्हे. त्या अर्थाने ते हौशी होते. १८६८ नंतर पैजेच्या शर्यती स्वीकारल्यावर ते व्यावसायिकांच्या पंक्तीत गेले. परंतु त्यांनी एकही पैज घेतली नसती तरी फार काळ ते हौशी म्हणून टिकले नसते. १८७८-७९ मध्ये इंग्लंडमधील वल्हवणीच्या धुरिणांनी आणि हेन्लीच्या कारभाऱ्यांनी हौशी कोण याची व्याख्या केली, आणि हाताने काम करणारा कारागीर व मजूर तीतून वगळला. म्हणजे मासेमाराला पैशाला हात न लावताही हेन्लीच्या शर्यतींत प्रवेश नव्हता. १८६७ च्या पॅरिसमध्ये मासेमार आणि सभ्य गृहस्थ एका रेषेवरून सुटू शकले, ती सवलत दहा-बारा वर्षांतच संपली. हेन्लीच्या नियमातील मजुरांविषयीचे ते कलम १९३७ मध्ये काढले गेले.

वेगळे काय करता आले असते

पहिली बाब आव्हाने निवडण्याची. पॅरिसनंतर शर्यत स्वीकारायची की नाही हे कोण ठरवत होते, चौघे की त्यांच्यावर पैसे लावणारे? शहराने पाठवलेल्या संघासाठी वर्गणीचा हिशेब आणि पुढच्या शर्यतींची जबाबदारी सांभाळणारी एखादी समिती असती, आणि तिच्यात वल्हेकऱ्यांचे मत अखेरचे मानले असते, तर निदान प्रश्न तरी विचारला गेला असता. हा बदल मी सर्वांत वर ठेवतो.

दुसरी बाब १८७० च्या पराभवाच्या विश्लेषणाची. टाइनच्या व्यावसायिकांनी वर्षानुवर्षे नावांची बांधणी आणि वल्हवणीचे तंत्र सुधारत नेले होते. सेंट जॉनच्या चौघांचे बळ १८६७ मध्ये त्यांच्या अपरिचिततेत होते आणि १८७० मध्ये ते अपरिचित राहिले नव्हते. पाण्याला दोष देण्याऐवजी हा फरक मान्य केला असता तर परतीची शर्यत एक वर्ष पुढे ढकलून तयारी करण्याचा विचार तरी झाला असता. अर्थात वय वाढत चाललेल्या वल्हेकऱ्यांना एक वर्ष फार असते, हेही खरे आहे.

तिसरी बाब केनेबेकेसिसवरची. प्रतिस्पर्ध्याची नाव थांबलेली दिसल्यावर पूर्ण अंतर वल्हवण्याची गरज होती का, असा प्रश्न नंतरच्या वाचकाला पडतो. मी येथे चौघांच्या बाजूने उभा राहीन. वल्हेकरी मागे तोंड करून बसतो, म्हणून मागे पडलेली नाव त्याला दिसते, पण ती का थांबली हे त्याला कळत नाही. नियमाप्रमाणे अंतर पुरे केल्याशिवाय निकाल लागत नव्हता. चूक झाली असेल तर ती शर्यत आखणाऱ्यांची होती. दोन्ही बाजूंच्या म्होरक्यांना शर्यतीआधी वैद्याने तपासावे, असा आग्रह कोणीच धरला नाही.

शर्यत जेथे झाली त्या काठावरील वस्तीला पुढे रेनफोर्थ हे नाव मिळाले आणि ते आजही आहे. चौघा विजेत्यांपैकी कोणाचेही नाव त्या काठाला दिले गेले नाही.